रविवारी चर्चला पहिल्यांदा जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीनिमित्त वेंगुर्ल्याकडे राहायला आलेलं एक कुटुंब. शेजारच्या काकूंनी रविवारी त्यांच्याबरोबर चर्चला, ‘मिस्सेला’ यायचं आग्रहाने आमंत्रण दिलंय. घरातल्या कुणीच आजवर चर्चच्या आत पाऊल टाकलेलं नाही. सोबत गुडघेदुखीने बेजार झालेली आई आणि पाच वर्षांचा मुलगा. चपला काढायच्या का, हातात काय न्यायचं, प्रसाद दिला तर घ्यायचा का, पैसे किती टाकायचे, आणि काहीच न करता नुसतं बसलं तर कुणाला राग येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, कुणालाही राग येत नाही. पाहुणा शांत बसून राहिला तर त्यात वावगं काही नाही. अडचण होते ती वेगळ्याच कारणाने. देवळात आपण आपल्या सवडीने जातो, दर्शन घेतो, दोन मिनिटं टेकतो आणि निघतो. रविवारची उपासना तशी नसते. ती ठरलेल्या वेळी सुरू होते, ठरलेल्या क्रमाने पुढे सरकते आणि सगळ्यांची एकदमच संपते. कीर्तनाला नमनापासून बसावं लागतं, तसंच इथेही. म्हणून पहिली तयारी कपड्यांची नाही, वेळेची.

काकूंना दोन गोष्टी विचारून घ्या: कितीची मिस्सा (कॅथलिकांची सामुदायिक उपासना) आणि कोणत्या भाषेत. वसईच्या मोठ्या धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या हद्दीत) रविवारी सकाळी एकामागून एक मिस्सा असतात, शनिवारी संध्याकाळचीही रविवारचीच धरली जाते, आणि भाषा बहुतेक मराठी. सिंधुदुर्गात चित्र निराळं आहे. इथला धर्मप्रांत (एका बिशपच्या देखरेखीखालचा प्रदेश) २००५ साली पुण्यापासून वेगळा झाला. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूर असे तीन जिल्हे त्यात येतात. अंतरं लांब आणि धर्मगुरू मोजके. एकच फादर एका सकाळी दोन-तीन ठिकाणी जातात, त्यामुळे लहान चॅपेलमध्ये (छोट्या प्रार्थनागृहात) एखाद्या रविवारी मिस्सा नसतेही. सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ला या पट्ट्यात कोंकणी मिस्सा सर्रास असते. गाण्याचं पुस्तक गोव्याकडचं असेल तर कोंकणी रोमन लिपीत छापलेली दिसेल, गोंधळू नका. मालवणी कानावर असेल तर अर्धंअधिक समजतं.

काकू कॅथलिक आहेत असं ‘मिस्सा’ या शब्दावरून धरतो. कोकणात प्रोटेस्टंट मंडळ्याही (एकत्र उपासना करणारे स्थानिक समूह) जुन्या आहेत. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ साली बाणकोटला काम सुरू केलं होतं, आणि खुद्द वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं रुग्णालय उभं राहिलं. त्यांच्या उपासनेची रीत वेगळी, त्याबद्दल पुढे लिहितो.

वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचा. पावसाळ्यात आणखी पाच मिनिटं धरा: पोर्चमध्ये ओल्या छत्र्यांचा ढीग लागतो, रेनकोट झटकायचे असतात, आणि ओल्या लादीवर आईंना सांभाळून न्यावं लागतं. छत्री आत नेऊ नका, बाकाखाली पाण्याचं तळं होतं आणि त्याच जागी पुढे कुणीतरी गुडघे टेकणार असतं.

कपडे साधे आणि स्वच्छ असले की पुरे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. चर्चला जायचं म्हणून गाऊन किंवा सूट शोधत बसू नका. साडी, सलवार-कमीज, शर्ट-पँट, सगळं चालतं. पुरुषांनी टोपी, हेल्मेट, गॉगल दारातच काढायचा. कॅथलिक चर्चमध्ये बायकांनी डोकं झाकलंच पाहिजे असं नाही. मराठी प्रोटेस्टंट मंडळीत मात्र प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतलेल्या बायका दिसतील, तिथे ओढणी जवळ असलेली बरी.

चपलांचं उत्तर दारात मिळतं. बाहेर चपलांची रांग असेल तर काढा, नसेल तर घालूनच आत जा. किनाऱ्यावरच्या बहुतेक कॅथलिक चर्चमध्ये लोक पायताणासह बसतात. रोमने १९६९ साली भारतातल्या उपासनेसाठी बारा देशी पद्धतींना परवानगी दिली, त्यात पादत्राणं काढणं आणि हात जोडून नमस्कार करणं दोन्ही होतं. नमस्कार सगळीकडे रुळला, अनवाणी जाणं काही ठिकाणीच. लहान चॅपेलमध्ये आणि खेड्यातल्या प्रोटेस्टंट प्रार्थनामंदिरात चपला बाहेर काढलेल्या बऱ्याचदा दिसतात.

नारळ, हार, पेढे आत न्यायचे नाहीत. वेदीवर (समोरच्या पवित्र टेबलावर) ते ठेवायला जागा नसते आणि घेऊन उभ्या राहिलेल्या माणसालाच ओशाळं वाटतं. काही वाहायचंच असेल तर आवारात मारिया मातेच्या मूर्तीची छोटी गुहा असते, तिला ग्रोटो म्हणतात. तिथे मेणबत्ती लावा, फुलं ठेवा. त्या मेणबत्त्या लावणाऱ्यांत गावचे हिंदूही असतात, कुणाला त्याचं नवल नाही.

दारातून आत शिरताच भिंतीला लागून दगडी किंवा संगमरवरी वाडगा दिसेल, त्यात पाणी. लोक बोटाचं टोक बुडवून कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांवर क्रुसाची खूण करतात. तुम्ही केली नाही तरी चालेल. फक्त ते ओंजळीत घेऊन पिऊ नका. तीर्थाच्या सवयीने हे हमखास होतं, आणि त्या पाण्यात सकाळपासून शेकडो बोटं बुडालेली असतात.

बसायला मधल्या भागातली बाकं निवडा. पुढच्या एक-दोन रांगा वाचन करणारे, गायक, लहान मुलं यांच्यासाठी सोडलेल्या असतात. अगदी मागे बसलात तर पुढचे कधी उठतात, कधी बसतात एवढंच कळतं, वेदीवर काय चाललंय ते दिसत नाही. मधल्या वाटेच्या अगदी कडेची जागाही टाळा, कारण पुढे कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, भागात येईलच. काही जुन्या गावांत बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात. तसं दिसलं तर त्याप्रमाणे बसा. मुलाला घेऊन बाजूच्या दाराजवळची जागा उत्तम. मूल कुरकुरलं तर दोन मिनिटं बाहेर काढून परत आणा. मुलं रडतातच, त्यावरून कुणी मान वळवून बघत नाही. बिस्किटाची सळसळती पिशवी मात्र नको.

आता बाकाकडे जरा जवळून बघा. समोरच्या बाकाच्या पाठीला खाली एक अरुंद लांब फळी जोडलेली असते, कधी रेक्झिन लावलेली, कधी नुसतं घासून गुळगुळीत झालेलं लाकूड. नवखी माणसं तिच्यावर आरामात पाय ठेवून बसतात. ती पाय ठेवायची पट्टी नाही, गुडघे टेकायची आहे, आणि शेजारची आजी थोड्या वेळाने तिच्यावर गुडघे टेकणार असते. काही बाकांना ती फळी बिजागरीवर खाली-वर होते. ती हाताने धरून सावकाश खाली सोडायची. सोडून दिली तर तिचा आवाज सगळ्या चर्चभर घुमतो, आणि तोही नेमका सगळे गप्प असताना. आईंनी गुडघे टेकायची काहीच गरज नाही. ज्यांना जमत नाही ते बसूनच राहतात. त्यांनी थोडं पुढे सरकून बसावं, म्हणजे मागच्या गुडघे टेकलेल्या माणसाच्या हातांना त्यांची पाठ लागत नाही.

मिस्सा साधारण तासाभराची. पहिला अर्धा भाग शब्दांचा, दुसरा वेदीवरच्या विधीचा. प्रवेशगीताला सगळे उभे राहतात, फादर आणि वेदीसेवक मुलं मधल्या वाटेने येतात. क्षमायाचनेची प्रार्थना होते, स्तुतिगीत होतं, मग बसायचं. एक वाचन बहुधा जुन्या करारातलं (बायबलचा येशूच्या आधीचा भाग), मग एक स्तोत्र (गाणारा एक ओळ म्हणतो आणि लोक धृपद परत म्हणतात), मग प्रेषितांच्या पत्रांतलं दुसरं वाचन. ‘आलेलुया’ सुरू झालं की उठा. आता येशूच्या शुभवर्तमानाचं (त्याच्या जीवनाच्या आणि शिकवणुकीच्या कथनाचं) वाचन होणार, ते सगळे उभ्यानेच ऐकतात. या वेळी लोक अंगठ्याने कपाळ, ओठ आणि छातीवर तीन बारीक क्रूस काढतात: हे वचन बुद्धीत, वाणीत आणि हृदयात राहो, असा त्याचा अर्थ. ही वाचनं फादरच्या पसंतीची नसतात. तीन वर्षांचं चक्र आखलेलं आहे. एका वर्षी प्रामुख्याने मत्तयचं शुभवर्तमान, दुसऱ्या वर्षी मार्कचं, तिसऱ्या वर्षी लूकचं. त्या रविवारी जे वाचन वेंगुर्ल्यात तेच वसईत आणि तेच रोममध्ये. आदल्या दिवशी काकूंकडून ‘मत्तय ५:१-१२’ असा संदर्भ मिळाला, तर पाचव्या अध्यायातली पहिली ते बारावी वचनं घरीच वाचून या. प्रवचन दुप्पट समजेल.

प्रवचन दहा-पंधरा मिनिटांचं, बसून ऐकायचं. मग उभं राहून श्रद्धेची कबुली आणि गावासाठी, आजाऱ्यांसाठी, पाऊसपाण्यासाठी प्रार्थना. या वेळी शब्द येत नसले तर पुटपुटायचा आव आणू नका, शांत उभं राहणं जास्त शोभतं. ज्यावर आपला विश्वास नाही ते म्हणावं अशी अपेक्षा कुणाचीच नसते.

नंतर गाणं सुरू होतं आणि कापडी पिशवी किंवा थाळी रांगेतून फिरते. दहा, वीस, पन्नास, जे वाटेल ते टाका. काहीच न टाकता पुढे सरकवली तरी कुणी बघत नाही. नोट आधीच हाताशी ठेवा; पिशवी आपल्यापाशी आल्यावर पाकीट शोधत बसलं की मागची सगळी रांग खोळंबते. सुटे मागायचे नाहीत. एखाद्या रविवारी दुसरी पिशवीही येते, ती एखाद्या खास कारणासाठी असते. ज्यांच्या हातात नाव छापलेली पाकिटं दिसतील ते सभासद, ती त्यांची नियमित वर्गणी. पाहुण्याचा तिच्याशी संबंध नाही.

यापुढचा भाग कॅथलिकांच्या दृष्टीने सर्वात पवित्र. फादर भाकर आणि द्राक्षारसावर प्रार्थना म्हणतात, बहुतेक लोक गुडघे टेकतात, छोटी घंटा वाजते. घंटा वाजल्यावर हालचाल थांबवा. बाहेर जायचं असेल, मुलाला पाणी द्यायचं असेल, तर ते थोड्या वेळाने. मग ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना, आणि लगेच शांतीचा नमस्कार: लोक डावी-उजवीकडे, मागे-पुढे वळून एकमेकांना हात जोडतात. यात तुम्ही खुशाल सामील व्हा. पाहुण्याला सगळ्यात सहज जमणारी गोष्ट हीच.

आता कम्युनियन, कोंकणीत कुमगार. नवख्या माणसाची चूक झाली तर इथेच होते, आणि तीही चांगुलपणातून. रांगा पुढून मागे रिकाम्या होत जातात, बाकातले सगळे उठतात, कडेला बसलेला पाहुणा त्यांच्याबरोबर ओढला जातो आणि कळायच्या आत फादरसमोर उभा राहतो. समोर रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, पांढरी, कागदासारखी पातळ गोल भाकर धरलेली. गव्हाचं पीठ आणि पाणी, एवढंच तिच्यात असतं. प्रसाद नाकारू नये ही आपली शिकवण, म्हणून हात पुढे होतो. मग तोंडात घालायला मन धजत नाही, म्हणून रुमालात बांधून घरी न्यायची इच्छा होते. कॅथलिकांसाठी ती भाकर आता साधी भाकर राहिलेली नसते, प्रत्यक्ष ख्रिस्त असते. ती खिशात घालणं, मुलाला देणं, अर्धी मोडणं हे त्यांना खोलवर दुखावतं. म्हणूनच कुणी हातात घेऊन तसाच चालू लागला तर वेदीसेवक किंवा फादर स्वतः मागे येऊन थांबवतात. तो संशय नसतो, त्या भाकरीची काळजी असते.

त्यामुळे सरळ नियम: घेऊ नका. बाप्तिस्मा (पाण्याने ख्रिस्ती होण्याचा विधी) झालेल्या आणि तयारी केलेल्या कॅथलिकांसाठीच ती असते. प्रोटेस्टंट ख्रिस्तीही तिथे ती घेत नाहीत. आपली रांग उठली की बाकातून बाहेर येऊन इतरांना वाट द्या आणि परत बसा, किंवा बसल्या जागी गुडघे बाजूला वळवा. म्हणूनच कडेची जागा टाळा म्हटलं. तुम्ही एकटेच मागे राहिलात असंही दिसत नाही, कारण कम्युनियनआधी तासभर काही खायचं नसतं आणि इतरही कारणं असतात. प्रत्येक मिस्सेला काही सभासद बसूनच राहतात. काही चर्चमध्ये दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन पुढे गेलं की फादर डोक्यावर हात ठेवून नुसता आशीर्वाद देतात. हे सगळीकडे नाही, आधी काकूंना विचारा. चुकून हातात आलीच तर तिथल्या तिथे फादरच्या हातात परत द्या. अवघडल्यासारखं वाटेल, पण प्रकरण तिथेच मिटतं.

मग दोन मिनिटं शांतता, सूचना आणि समारोपाचा आशीर्वाद. सूचनांमध्ये कधी लग्न ठरलेल्या जोडप्याची नावं वाचली जातात आणि कुणाला हरकत असेल तर कळवा असं सांगतात. ऐकून दचकू नका, दर लग्नाआधी ते वाचायचं असतं.

मिस्सा चालू असताना फोटो आणि व्हिडिओ नकोत. वेदी, जुनं लाकडी कोरीवकाम बघायचं असेल तर मिस्सेनंतर विचारून बघा. वेदीच्या पायऱ्या चढू नका. लाल दिवा तेवत असलेल्या पेटीत कम्युनियनची भाकर ठेवलेली असते. तिच्यासमोरून जाताना लोक उजवा गुडघा टेकतात, तुम्ही हात जोडले तरी पुरे.

प्रोटेस्टंट उपासनेला गेलात तर ठोकताळे बदलतात. गुडघे टेकणं कमी, मूर्ती नाहीत, बायबल प्रत्येकाच्या हातात. वेळ दीड ते दोन तास आणि उपदेशच अर्ध्या-पाऊण तासाचा, म्हणून आईंसाठी पाण्याची बाटली आणि पाठीला उशी ठेवा. जुन्या मराठी मंडळीत पेटी-तबल्यावर गाणी होतात. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची अभंगाच्या चालीवरची पदं ऐकून आपण नक्की कुठे बसलोय असा प्रश्न पडावा, इतकी ती ओळखीची वाटतात. माझ्या मते नवख्या मराठी माणसाला आत ओढून घेणारी याहून सोपी वाट नाही. प्रभुभोजन (त्यांच्याकडचा भाकर-द्राक्षरसाचा विधी) बऱ्याच ठिकाणी महिन्यातून एकदाच असतं. भाकरीची ताटली किंवा द्राक्षरसाचे छोटे पेले रांगेतून फिरत आले तर न घेता पुढे द्या. नव्या पाहुण्यांना उभं राहून नाव सांगायला लावायची पद्धत इथे आहे. ते नको असेल तर दारात स्वागताला उभ्या असलेल्या माणसाला आधीच सांगा, ऐकतात. पेंटेकॉस्टल (प्रोटेस्टंटांतला एक उत्साही पंथ) मंडळीत टाळ्या, मोठ्याने एकत्र प्रार्थना, आणि शेवटी ‘प्रार्थनेसाठी पुढे या’ अशी हाक असते. जागेवर बसून राहायला पूर्ण मोकळीक असते. कुणी हाताला धरून आग्रह केला तर ‘आज नको’ म्हणा.

धर्मांतराची भीती आईंना असेल तर त्यांना सांगा: मिस्सेला बसल्याने, गाणं म्हटल्याने किंवा आशीर्वाद घेतल्याने कुणी ख्रिस्ती होत नाही. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढ माणसाला बाप्तिस्मा हवा असेल तर आधी कित्येक महिन्यांची शिकवणी असते, आणि तो सहसा ईस्टरच्या (येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या) आदल्या रात्री होतो.

पहिल्या भेटीसाठी साधा रविवार निवडा, ज्या दिवशी फादरच्या अंगावर हिरवा झगा असतो. जांभळा म्हणजे नाताळच्या आधीचा किंवा ईस्टरच्या आधीचा काळ. तेव्हा सूर गंभीर, स्तुतिगीत वगळलेलं, आणि ईस्टरच्या आधी तर ‘आलेलुया’ही नाही. झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा रविवार) बघायला सुंदर, पण त्या दिवशी येशूच्या दुःखसहनाचं लांबलचक वाचन असतं, तेही बराच वेळ उभ्याने. गुडघेदुखीला तो दिवस नव्हे. नाताळच्या मध्यरात्री बसायला जागाच मिळत नाही. ऑक्टोबरमध्ये वसईकडे जाणं झालं तर पहिल्या रविवारचा आगेरा मात्र चुकवू नका. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणून त्यांना आशीर्वाद देतात.

मिस्सा संपल्यावर लगेच पळू नका, लोक आवारात थांबतात, ओळखी होतात, कुठे चहा असतो. कॅथलिक धर्मगुरूंना ‘फादर’ म्हणायचं. ते अविवाहित असतात, तेव्हा ‘वहिनी कुठल्या?’ हा प्रश्न टाळा. प्रोटेस्टंट पाळकांना ‘पास्टर’ किंवा ‘पाळकसाहेब’. त्यांना तो प्रश्न खुशाल विचारा. कोंकणीत कुणाचे आभार मानायचे तर ‘देव बरें करूं’. फादरशी बोलायचं असेल तर दोन मिनिटांत आटपा, बहुतेक वेळा त्यांना पुढच्या गावच्या मिस्सेला निघायचं असतं. सविस्तर बोलायला आठवड्यातली वेळ मागून घ्या, ती आनंदाने देतात.